दुसऱ्या साक्षीची जागा

हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. टाळायला कारणंही मिळत गेली. आधी आई होती, मग नोकरी होती, मग मुलांची लग्नं होती. आता त्यातलं काही उरलेलं नाही. डावा डोळा गेला, उजवा जाण्याच्या बेतात आहे. तेव्हा दिसतंय तोवर लिहितो.

मध्ये एकदा चिखलीच्या शाळेनं जुन्या शिक्षकांना बोलावलं होतं. फारसी मास्तरांना पाहिलेला मीच एक उरलो आहे, म्हणून त्यांच्या आठवणी सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी उभा राहिलो आणि नेहमीचेच किस्से सांगितले. ते मयताला कसे जात, देशमुखांशी कसे भांडले, वगैरे. पोरं हसली, मास्तर मंडळीही हसली. खाली बसलो तेव्हा शेजारच्यानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "काय माणूस रंगवला हो तुम्ही!" मी माणूस अर्धाच रंगवला होता. उरलेला अर्धा हा असा.

ते आमच्या शाळेत फारसी शिकवत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, कारभार नागपुराहून चाले, आणि फारसी घेणारी मुलं वर्षागणिक कमी होत होती. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्या वर्गात तीन मुलं होती. म्हणून हेडमास्तरांनी त्यांना हस्ताक्षर आणि नकाशे हे तासही देऊन टाकले होते. उंच, काटकुळे, अंगात एके काळी काळी असलेली शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी, काखेत छत्री. खांद्याला खादीची पिशवी, आणि पिशवीत कार्डं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. माझ्या हातानं ते लिहिलं जावं असं मला वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

कार्डं म्हणजे कापडाच्या ताग्यात घातलेला असतो तो पुठ्ठा. बाजारातले कापडवाले तो त्यांच्यासाठी बाजूला ठेवत. मास्तर तो घरी नेऊन वीतभर लांबीचे, चार बोटं रुंदीचे तुकडे कापत, आणि एका तुकड्यावर एक मेलेला माणूस लिहीत. चिखली आणि आसपासच्या गावांत जो कोणी मरेल त्याची नोंद. पाटील असो, कोष्टी असो, मोट बांधणारा असो. सगळ्यांना एकच पुठ्ठा, एकाच मापाचा.

गावानं त्यांचं नाव 'चित्रगुप्त मियां' ठेवलं होतं. मयत हिंदूंचं असो की मुसलमानांचं, लोकांच्या शेवटी हे छत्री घेऊन चालताना दिसत. पानपट्टीवर बसलेलं एखादं टवाळ पोरगं विचारायचंच.

"काय चित्रगुप्त मियां, आज कोणाची बारी?"

"तुही नाही, बे. तुह्यात लिहिण्यासारखं अजून काही जमाच नाही झालं."

तेराव्या-चौदाव्याच्या सुमाराला, किंवा चाळिसावा झाला की, ते त्या घरी जात. ओट्यावर बसत, पाणी मागत आणि तीन प्रश्न विचारत. त्याला काय येत होतं? ते तो कोणाकडून शिकला? आणि कुठं कमी पडला? या तिसऱ्या प्रश्नापायी त्यांना दोन-तीन घरांतून चक्क उठवून लावलं होतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. सगळं सांगून झालं, लिहून झालं, की उठता उठता ते एकच वाक्य म्हणत: "काही राह्यलं काय?" आणि गंमत अशी, की खरी गोष्ट पुष्कळदा त्यानंतरच निघायची. दाराशी उभी असलेली एखादी म्हातारी म्हणायची, "एक राह्यलं बाप्पा," आणि ते परत बसायचे.

हे वेड त्यांना कुठून लागलं, हे मी एकदा विचारलं. त्यांनी मला हेडमास्तरांच्या खोलीत नेलं. तिथं काचेच्या कपाटात एक इंग्रजी विश्वकोश होता, चामड्याच्या बांधणीचा. शाळेला कोणा साहेबानं दिलेला. मास्तरांनी त्यात वऱ्हाड काढून दाखवलं. जमीन काळी, पीक कापसाचं, पाऊस इतका.

"पाह्यलं? कापूस आहे. तो वेचणारं एक माणूस नाही."

मग पुण्याकडच्या मराठी कोशाचे खंड काढले. त्या काळी तिकडे मोठमोठे कोश निघत होते आणि आमच्या शाळेनं त्यांतला एक संच घेतला होता. "यात राजे आहेत, कवी आहेत, लढाया आहेत. आपल्याकडचं कोण आहे? धुंडून दाखव." मी पुढे महिनाभर मधल्या सुट्टीत धुंडलं. चिखलीचं माणूस मला सापडलं नाही.

त्यांच्याबरोबर चालत जाणं म्हणजे एक शाळाच होती. छत्री टेकत ते सांगायचे, की पूर्वी अरबस्तानात पहिले चरित्रकोश झाले ते कोणाचा मोठेपणा सांगायला झाले नाहीत. पैगंबरांच्या गोष्टी तोंडोतोंडी चालत आल्या होत्या. त्या खऱ्या की खोट्या हे ठरवायचं तर सांगणारा कसा होता ते कळायला पाहिजे. कुठला होता, कोणाला भेटला होता, त्याची आठवण पक्की होती की नाही, कधी खोटं बोलला होता काय. म्हणून सांगणाऱ्यांचेच कोश झाले, हजारो माणसांचे. त्यात मोची होते, तेल विकणारे होते, बायाही होत्या. पुढे एकेका शहराचे कोश झाले. "बगदादचा झाला, दमास्कसचा झाला," ते म्हणायचे, "मंग चिखलीचा काऊन नाही?" आणि हे काही फक्त तिकडचंच नाही, असंही सांगायचे. आपल्याच मुलखातल्या महानुभावांनी देवाच्या आठवणी जमवल्या तेव्हा कोणती आठवण कोणी सांगितली हेही लिहून ठेवलं होतं. एका महानुभाव बुवाशी त्यांचं या विषयावर तासन्तास चालत असे. बुवा पोथीचा दाखला द्यायचे, हे फारसीचा.

मी एकदा म्हटलं, "मास्तरसाहेब, तुम्ही फारसीतच का लिहीत नाही? तुमची ती भाषा."

"मरणारा वऱ्हाडीत बोलत होता, बरखुरदार. मंग त्याले मेल्यावर फारसी काऊन शिकवू?"

कार्डांचा क्रमही त्यांचाच. आडनावानं नाही, जातीनं नाही, नुसत्या नावानं. त्यामुळे बळीराम देशमुख आणि बळीराम चांभार डब्यात एकमेकांना टेकून बसलेले असत. यावरूनच देशमुखांचं आणि त्यांचं वाजलं. थोरल्या देशमुखांनी बांध सरकवून शेजाऱ्याचं वावर खाल्लं होतं, हे दोन साक्षींनिशी कार्डावर आलं. नातू चिडून शाळेत आला.

"आज्याच्या नावावर बांध सरकवल्याचं लिहिता? अन् ठेवता कोणाजवळ?"

"शेजार पसंत नसन तर कार्डच काढून टाकतो. पण ठेवलं तर पुरं ठेवीन."

नातू दोन दिवसांनी नरम होऊन परत आला. कोश छापणार अशी कुणकुण त्याला लागली होती. "दोष पाह्यजेच म्हणता तर लिहा एखादा. लिहा, तिखट लय खात."

"हा दोष नाही, दादासाहेब. ही भूक आहे."

सगळी शाळा यावर आठवडाभर हसली. मीही हसलो. हे वाक्य पुढे माझ्या अंगावर येणार आहे हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

मी त्यांचा साक्षीदार कसा झालो ते सांगायला हवं. त्यांचा नियम होता, की एकाच्या सांगण्यावरून काही लिहायचं नाही. प्रत्येक गोष्टीला दोन साक्षी. एक घरची किंवा गावची, दुसरी पडताळून पाहणाऱ्याची. मी अमडापूरचा, वैद्याचा मुलगा, त्या बाजूची गावं मला माहीत होती आणि माझ्याकडे सायकल होती. रविवारी मी निघायचो, एखाद्या नोंदीची शहानिशा करून यायचो, आणि कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात सही करायचो. असं आठ वर्षं चाललं. अर्ध्याहून अधिक कार्डांवर माझी सही आहे. गावोगाव लोक मला वैद्यमास्तर म्हणून ओळखू लागले, अन् मला ते आवडत होतं.

सुरुवातीलाच त्यांनी मला एक नियम सांगितला होता. "साक्षीदार एकदा जाणूनबुजून खोटा बोलला की त्याची एक साक्ष नाही जात. साऱ्याच जातात. जुने लोक त्याच्या शब्दावर आलेलं सारं बाद करत." मी म्हटलं, हे फार कडक झालं. तेव्हा म्हणाले, "एक दार ठेवलं होतं. यावर त्याह्यच्यातही वाद होते, पण मी ते दार मानतो. त्यानं आपल्या पायानं यावं, कोणी न विचारता सांगावं, की मी अमुक ठिकाणी खोटं बोललो. मंग तेवढी एक नोंद दुरुस्त कराची. बाकीच्या साऱ्या परत उभ्या राहतात."

"आणि कोणी विचारलं म्हणून सांगितलं तर?"

"विचारून काढलेलं सांगणं म्हणजे कोर्ट झालं. ते नाही चालत."

हे मी इतकं सविस्तर लिहितो आहे, कारण नियम मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही.

नागपूरच्या एका मंडळानं पहिला खंड छापायचं कबूल केलं, त्याच वर्षी माझे वडील वारले. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. आईला मी चिखलीला माझ्याकडे घेऊन आलो. चौदावा झाल्यावर काही दिवसांनी मास्तर शाळेच्या व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसले. हातात कोरं कार्ड होतं. मी स्वतः हा प्रश्न कितीतरी घरांत विचारला होता, पण आपल्या घरी येतो तेव्हा तो वेगळाच ऐकू येतो.

ते म्हणाले, "अमडापूरच्या कौसाबाईनं एक सांगितलं आहे. मानमोडीच्या साथीत तुहे वडील गाव सोडून गेले, अन् तिचा बाप गोविंदा न्हावी मागं राह्यला. नानांचाच काढा उकळून त्यानं घरोघर दिला, अन् मंग तोच मेला. ही एक साक्ष झाली. दुसरी तू आहेस. तू होतास तवा."

मानमोडी म्हणजे ती तापाची मोठी साथ. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. नानांनी दमणी जुंपायला लावली ती सकाळ मला आज लिहितानाही दिसते आहे. आई पुढे बसली, मी मागे. गोविंदा चाकाजवळ उभा होता आणि नाना त्याला दवाखान्याची किल्ली देत होते. आम्ही मेहकरला आईच्या माहेरी महिनाभर राहिलो. परत आलो तेव्हा गोविंदा नव्हता. लोक नानांना काही बोलले नाहीत. बोलायला फारसे लोकही उरले नव्हते. पुढे हळूहळू असं झालं, की काढा नानांनीच दिला. काढा नानांचाच होता, एवढ्यावर ते सगळं उभं राहिलं. नानांनी ते कधी सांगितलं नाही आणि कधी नाकारलंही नाही.

मी मास्तरांना म्हणालो, "नाही. नाना गावातच होते. मी डोळ्यांनी पाहिलंय."

इथं थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण पुढचं वाक्य कोणी विचारलेलं नसताना मी बोललो. "पळाला तो गोविंदा. बाहेरगावाहून ताप घेऊनच परत आला."

मास्तर म्हणाले, "ती मुलगी आहे, तू मुलगा आहेस. दोघांलेही आपापला बाप आहे. पण तू माहा साक्षीदार आहेस." आणि दोन साक्षींचा नियम पहिल्यांदाच बाजूला ठेवून त्यांनी माझ्या एकट्याच्या शब्दावर लिहिलं. मग विचारलं, "अन् नाना कुठं कमी पडले?"

मी म्हणालो, "राग लवकर यायचा त्यांना."

देशमुखांचं तिखट त्यांना आठवलंच असणार. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निमूटपणे लिहून घेतलं. उठताना म्हणाले, "काही राह्यलं काय?" मी म्हणालो, "नाही."

नोंद पक्की करण्याआधी ती घरच्या माणसांना वाचून दाखवायची, असा त्यांचा आणखी एक रिवाज होता. गोविंदाची नोंद वाचायला आम्ही अमडापूरला गेलो. मी जायला नको होतं, पण पिशवी माझ्याच सायकलीवर असायची. कौसाबाई अंगणात मिरच्या निवडत बसली होती. मास्तरांनी उभ्यानंच वाचलं. गोविंदा न्हावी. हुनर: हजामत, हाड बसवणं, जखम धुणं. शिकला बापाकडून. दोष: साथीत गाव सोडलं.

तिचे हात थांबले.

"माहा बाप पळाला? कोण सांगते?"

"साक्षीदाराचं नाव मी सांगत नसतो, बाई."

"नका सांगू. त्याले एवढंच विचारा, पळालेल्या माणसाची नखं काऊन काळी होती? काढा उकळू उकळू काळी झाली होती ती. मेल्यावर मी धुतले त्याचे हात. नाही निघाली."

मास्तर माझ्याकडे वळले. मी मिरच्यांकडे पाहत होतो. लाल, सुकलेल्या, देठासकट.  मास्तर तिला म्हणाले, "माहा साक्षीदार पक्का आहे, बाई."

"असन. तुमचा साक्षीदार पक्का अन् माहा बाप कच्चा. लिहा."

तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. त्या दिवशी आम्हाला कोणी पाणी विचारलं नाही.

परत येताना मास्तर एकदाच म्हणाले, "नखाचं तिले काऊन सुचलं असन?" मी सायकलची साखळी उतरल्याचं निमित्त करून मागे राहिलो.

छापायला पाठवायची तयारी चालू होती. नानांच्या कार्डावर 'हुनर' या जागी काढ्याचं नाव हवं म्हणून मास्तर एका संध्याकाळी आमच्याकडे आले. ओसरीवर बसले. त्यांचा कप आमच्या घरी वेगळा ठेवलेला असे. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. आई दाराआड उभी राहून बोलत होती.

"बाई, साथीत नानांनी कोणता काढा दिला? गुळवेलीचा की अडुळशाचा?"

"मले काय माहीत बाप्पा," आई म्हणाली. "आम्ही कुठं होतो तिथं! ह्यांनी पहिल्याच आठवड्यात दमणी जुंपली. मेहकरले होतो माह्या माहेरी. मी, हे, अन् हा. गोविंदाच्या हाती किल्ली देऊन गेले होते हे. त्यानंच केलं म्हणतात सारं, बिचाऱ्यानं."

तिनं ते इतकं सहज सांगितलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. चौदा वर्षांचं पोर घेऊन साथीतून बाहेर पडणं, यात तिच्या लेखी लाजेचं काय होतं? मला आता कधी कधी वाटतं, खुद्द नानांनाही एवढंच सांगता आलं असतं.

मास्तरांचा चहा संपला होता. तरी ते कप हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "काही राह्यलं काय?"

विचारत होते आईला. पाहत होते माझ्याकडे.

आई म्हणाली, "नाही, एवढंच."

मी त्यांच्या हातातला कप घेतला आणि त्याच्या वेगळ्या जागी नेऊन ठेवला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. खोलीभर सतरंजीवर कार्डं मांडलेली होती. उजव्या कोपऱ्यातली सही पाहून ते एकेक कार्ड बाजूला काढत होते. भिंतीकडच्या ढिगाला लाल दोरी बांधलेली होती आणि तो ढीग मोठा होता.

"तिकडून ये," ते म्हणाले. "पाय देऊ नको. ती सध्या बाद आहेत."

"सगळी?"

"तुह्या साक्षीची सारी."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला दुसऱ्या बाजूनं यायला जागा करून दिली, बसायला पाट दिला आणि आपलं काम चालू ठेवलं. मी तासभर बसलो. मला बोलायचं होतं. मी बोललो असतो तर ती लाल दोरी तिथल्या तिथं सुटली असती, हेही मला कळत होतं. पण एक कार्ड माझंही लिहिलं जाईल, आणि त्यावर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय असेल, तेवढंच माझ्या डोळ्यांपुढे येत राहिलं. निघताना त्यांनी विचारलं, "काही राह्यलं काय?" मी म्हणालो, "येतो, मास्तरसाहेब."

नागपूरला त्यांनी पत्र पाठवलं, की नोंदी पुन्हा तपासायच्या आहेत, सध्या छापू नये. कारण दिलं नाही. मंडळाचे लोक नाराज झाले. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्या कोशाची एवढी वर्षं गोष्ट चालली होती, तो यानं आपल्याच हातानं अडवला. हेडमास्तर मधल्या सुट्टीत सर्वांसमोर म्हणाले, "बुढ्याचं डोकं फिरलं. कार्डं जुळवता जुळवता पत्ता चुकला." सगळे हसले. एकानं मला विचारलं, "काय वैद्यमास्तर, तुम्ही त्यांच्याजवळचे. खरंच भ्रम झाला काय त्यांना?"

मी म्हणालो, "वय झालं आता."

खोट्या साक्षीपेक्षा हे दोन शब्द, तीन शब्द, जे काय असतील ते, मला जास्त जड गेले. साक्ष मी बापासाठी दिली होती, असं स्वतःला सांगता येत होतं. हे कोणासाठी होतं?

मास्तरांनी माझं नाव कोणाला सांगितलं नाही. पेन्शन घेतली आणि पासष्टीच्या पुढचा तो माणूस लाल दोरीतली कार्डं घेऊन पायी निघाला. अमडापूर, मेहकर, हिवरा, जिथं जिथं मी सायकलवर जाऊन आलो होतो तिथं तिथं. मी ज्या नोंदी खऱ्याच आणल्या होत्या, त्या ते पुन्हा पहिल्यापासून खऱ्या करत होते. बरेच साक्षीदार दरम्यान मरून गेले होते. ज्याची दुसरी साक्ष मिळाली नाही ते कार्ड लाल दोरीतच राहिलं. चिखलीत असले की शाळेवरून जाताना व्हरांड्याशी थांबायचे. हवापाण्याचं बोलायचे. आणि जाताना तोच प्रश्न, अगदी सहज, छत्री उघडता उघडता. दोन वर्षं मी त्यांना दर वेळी "नाही" म्हणत गेलो. ते "बरं" म्हणून पुढे जायचे.

ते गेल्यावर त्यांचा भाचा आला. कपडे आणि फारसी किताबं घेऊन गेला. कार्डांचे डबे शाळेला दिले. लाल दोरीतून सुटून पांढऱ्या दोरीत गेलेली, म्हणजे पुन्हा पक्की झालेली, त्यांतली तिसरा हिस्सा असतील नसतील. डबे प्रयोगशाळेच्या कपाटावर पडून राहिले आणि एका पावसाळ्यात वाळवीनं दोऱ्यांसकट खाल्ले. पुठ्ठा तिला आवडतो.

दोन कार्डं तेवढी वाचली, कारण ती डब्यात नव्हतीच. कौसाबाईनं ती पिशवीसकट माझ्याकडे शाळेत आणून दिली. "तुमच्यासाठी ठेवली होती मास्तरांनी," एवढंच म्हणाली. एक गोविंदाचं. त्यावर जुनी ओळ खोडून लिहिलं आहे: साथीत गावात राहिला, काढा दिला, त्यातच मेला. दोष: बायकोचं ऐकत नसे. साक्षी दोन, कौसाबाई आणि माझी आई. दुसरं नानांचं. दोषाच्या जागी रागाचं खोडलेलं आहे आणि लिहिलं आहे: साथीत गाव सोडलं. साक्षी, पहिली, पत्नी. साक्षी, दुसरी, आणि पुढे कोरं.

कौसाबाईची साक्ष तिथंही घालता आली असती. ती खरी होती, हाताशी होती. त्यांनी घातली नाही. जागा ठेवली.

आता शेवटचं. ते अमडापूरला आजारी पडल्याचं मला कळलं. कौसाबाईच्या बापाची नोंद तिला नव्यानं वाचून दाखवायला गेले होते, तिथंच ताप भरला, आणि तिनं त्यांना जाऊ दिलं नाही. मी सुट्टी घेतली, दमणी केली आणि निघालो. दुपारी पोचलो. ओसरीवर खाट होती. मास्तर भिंतीकडे तोंड करून निजले होते. तुर्की टोपी खुंटीला होती. ती डोक्यावर नसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोकं फार लहान दिसत होतं.

कौसाबाई बाहेर आली. पदराला हात पुसत होती.

"काऊन हो, वैद्यमास्तर? आताच डोळा लागला त्याह्यचा. उठवू काय?"

"नको, नको."

"बसा मंग. पाणी देतो."

तिनं पाणी दिलं. मी उभ्यानंच प्यालो. लोटा परत घेताना ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. दमणीत मागं बसलेलं वैद्याचं पोर तिनंही पाहिलं असेलच.

"काही निरोप असन तर सांगा. उठले की सांगतो."

"नाही, सहज आलो होतो."

"काही राह्यलं काय?" ती म्हणाली. मास्तर इतके दिवस तिच्या घरी होते, त्यांचा शब्द तिच्या तोंडी बसला होता.

खाटेवर मास्तरांनी कूस बदलली असं मला वाटलं. कदाचित बदलली नसेल. मी म्हणालो, "नाही," आणि दमणीवाल्याला हाक मारली. तिसऱ्या दिवशी ते गेल्याचं कळलं.

चिखलीपासून अमडापूरपर्यंत बैलांच्या चालीवर मी जे घोकत गेलो होतो, ते असं होतं: मास्तरसाहेब, साथीत माझे वडील गावात नव्हते. गोविंदा होता. मी खोटं बोललो, आणि हे मला कोणी विचारलेलं नाही. ही बाई इथं उभी आहे. तिचीही माफी मागतो, तुमचीही. लिहून घ्या.